वाडा विकण्याआधी रंगारी नको, शाकारणीवाला बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'नूतनीकरण केलेला जुना वाडा विकणे आहे' अशी जाहिरात छोट्या जाहिरातींच्या पानावर अधूनमधून दिसते. प्रत्यक्ष जाऊन पाहिले की नूतनीकरण म्हणजे काय ते कळते: बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून प्लास्टिक पेंट, ओसरीवर गुळगुळीत टाइल्स आणि सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांना तपकिरी ऑइलपेंट. हा खर्च मालकाला परत मिळत नाही. जाणकार गिऱ्हाईक हे सगळे खरवडून काढायला किती लागेल याचा हिशेब मनात करते आणि तेवढी किंमत पाडून मागते. लाकडी वाड्यांच्या दुरुस्तीत काम करणाऱ्या आम्हा काही जणांना वाटते की तोच पैसा छप्पर, पाण्याचा निचरा, तुळयांची टोके आणि कागदपत्रे या चार ठिकाणी घातला तर वाड्याला खरी किंमत येते. बाकीचे उघडे ठेवून विकले तरी बिघडत नाही.

पहिला प्रश्न मात्र गवंड्याला विचारायचा नसतो. वाडा कोण घेणार? बिल्डर घेणार असेल तर तो जमिनीची आणि एफएसआयची (तिथे किती बांधता येईल त्या हक्काची) किंमत देतो. तुमच्या दुरुस्तीचा एक रुपयाही त्याच्या हिशेबात बसत नाही. तेव्हा पावसाळ्यात भिंत कोणाच्या अंगावर पडणार नाही एवढे टेकू लावा आणि थांबा. राहण्यासाठी, कार्यालयासाठी, कलादालनासाठी किंवा छोट्या हॉटेलासाठी वाडा वाडा म्हणूनच घेणारे गिऱ्हाईक असेल तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

काही वाड्यांचा हा प्रश्न कायद्यानेच सोडवलेला असतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा भाग नियंत्रित, अशी तरतूद १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली. पुण्यात शनिवारवाड्याच्या आजूबाजूच्या मालकांना हे अंतर पाठ असेल. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण मात्र परवानगी घेऊन करता येते. म्हणजे तिथे बिल्डरला रस नाही आणि नीट दुरुस्त केलेल्या वाड्याला स्पर्धाही नाही. पण वाडा एकदा पाडला किंवा पडू दिला, तर तीच जागा मोकळा प्लॉट म्हणून अडकून बसते. त्या पट्ट्यातल्या मालकाने पडझडीकडे डोळेझाक करणे म्हणजे स्वतःच्या हाताने किंमत घालवणे.

महापालिकेच्या वारसा यादीत वाडा असेल तर त्याची श्रेणी कोणती, हे आधी लेखी मिळवा. बाहेरून दिसणारा बदल असो वा आतल्या रचनेतला, परवानगी कोणाची लागेल ते श्रेणीवर ठरते. श्रेणी माहीत नसताना काढलेली एक कोरीव महिरप पुढे खरेदीखताच्या वेळी वकिलाच्या शेऱ्यात येते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. क्रम असा: वरून खाली आणि बाहेरून आत. छप्पर, मग पन्हळी आणि निचरा, मग लाकूड, मग भिंती. फरशी आणि रंग शेवटी, किंवा नाहीच.

छपराचे काम मे महिन्याच्या अखेरीपर्यंत संपलेच पाहिजे. नुसती शाकारणी (कौले उतरवून पुन्हा नीट बसवणे) करून भागणार आहे की वासे बदलायचे आहेत, हे वर चढल्याशिवाय कळत नाही. कौले आढ्याच्या दोन्ही पाख्यांवरून (उतारांवरून) बरोबरीने उतरवायची, एकाच बाजूची सगळी एकदम नाहीत. एकच पाखे पूर्ण मोकळे केले की वजनाचा तोल जातो आणि आधीच सैल झालेले वासे सरकतात. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. फुटीसाठी शेकडा दहा जास्त धरा. कौले वेगवेगळ्या कारखान्यांची असतील तर त्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. दिसायला सारखी, पण वाऱ्याच्या पावसात नेमकी त्याच सांध्यातून गळतात. म्हणून एका पाख्यावर एकाच छापाची कौले घ्या, उरलेली मागच्या पडवीवर टाका. जुने कौल बोटाने वाजवून पाहा: खणखणीत वाजले तर अजून पुष्कळ वर्षे टिकेल, बद्द वाजले तर त्यात चीर आहे. रिपांचे (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर पुस्तकातून घेऊ नका. हातात आलेली सहा कौले जमिनीवर एकमेकांत अडकवून मोजा आणि त्याच मापाने रिपा मारा.

गळती बहुतेक वेळा पाख्याच्या मधोमध नसते. चौकाच्या कोपऱ्यांत दोन पाखी आत मिळतात तिथल्या पन्हळीत ती असते, किंवा कौले भिंतीला भिडतात त्या रेषेवर. कोपऱ्यातली पन्हळ गंजली की लोक तिच्यावर डांबराचा कागद चिकटवतात. तो एक पावसाळा काढतो. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्याखाली पाणी साचून खालचा वासा कुजतो आणि वरून काही दिसतही नाही. जाड जस्ती पत्र्याची नवी पन्हळ करा, दोन्ही बाजूंना कौलांखाली किमान १५० मिमी आत जाईल अशी. आणि ती साफ करायला माणूस कुठे पाय ठेवणार, हेही आत्ताच ठरवा.

निचऱ्याच्या बाबतीत शहरातल्या वाड्यांचे एक दुखणे सारखेच आहे. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि वाड्याचे जोते खाली गेले. दिंडी दरवाजासमोर एकेकाळी तीन पायऱ्या होत्या, आता एक उरली आहे, अशी स्थिती असेल तर पावसाचे पाणी देवडीत येणारच. उंबरठा उंचावणे हा उपाय नव्हे. त्याने दरवाजाची चौकट खालून कापावी लागते. उंबरठ्याबाहेर दरवाजाच्या पूर्ण रुंदीची जाळीची गटार करून ती महापालिकेच्या पावसाळी वाहिनीला जोडा. चौकातली जुनी दगडी मोरी बहुधा गाळाने बुजलेली असते. ती फोडण्याआधी साफ करून बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे बाहेर पडते ते बघा. जुन्या मोऱ्यांचा उतार अनेकदा आजच्या नळापेक्षा चांगला असतो. नवा १०० मिमीचा नळ घालावा लागलाच, तर ६० फुटांना १ फूट उतार ठेवा.

लाकूड हा वाड्याचा सांगाडा. भिंत पडली तरी खांब-तुळयांच्या जोरावर माडी उभी राहिलेली पुष्कळांनी पाहिली असेल. त्यामुळे गिऱ्हाइकाचा इंजिनिअर सर्वांत आधी तुळयांकडे पाहतो, आणि तिथेच मालकाची तयारी सर्वांत कमी असते. तुळई मध्ये सहसा बिघडत नाही; बिघडते ती भिंतीत गेलेल्या टोकाला, जिथे ओल असते आणि हवा नसते. हातोडीने ठोकत टोकाकडे जा, आवाज बदलतो ती जागा खडूने खुणवा. मग भिंतीलगत ६ मिमीच्या बिटाने तिरके भोक पाडा. बाहेर येणारा भुसा कोरडा आणि तेलकट वासाचा असेल तर लाकूड चांगले आहे. काळपट, ओलसर किंवा पिठासारखा आला तर टोक गेले. ओल मोजायचे यंत्र असेल तर वीस टक्क्यांच्या वरचा आकडा धोक्याचा समजा, कारण त्यापुढे बुरशीला लाकूड मानवते.

टोक गेले म्हणून सबंध तुळई बदलायला सांगणारा ठेकेदार एक तर आळशी आहे किंवा त्याचा जुन्या सागवानावर डोळा आहे. कुजलेला भाग चांगल्या लाकडात आणखी १५० मिमीपर्यंत कापायचा, तिथे मुरलेल्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट ते चौपट. म्हणजे १० इंची तुळईला ३० ते ४० इंच. दोन्ही अंगांना जस्त चढवलेल्या पोलादी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. पट्टीची जाडी आणि बोल्टांची संख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढून द्यायची, सुताराने अंदाजाने नाही. जोडाला नवे, कच्चे लाकूड वापरू नका. ते सुकताना आकसते आणि बोल्ट सैल पडतात. पाडलेल्या वाड्यांचे सागवान वखारीत मिळते. त्यातले जुने खिळे आधी काढून घ्या आणि खाचा पडलेला भाग सांध्यात येऊ देऊ नका. टोक परत भिंतीत बसवताना भोवती सर्व बाजूंनी १५–२० मिमी जागा हवेला मोकळी सोडायची. गवंडी ती फट सवयीने सिमेंटने भरून टाकतो, आणि इथेच केलेले काम पाच-सात वर्षांत पुन्हा वाया जाते. त्या वेळी शेजारी उभे राहा.

टेकू देतानाची एक चूक फार महागात पडते. माडीच्या तुळईचा टेकू खालच्या कडीपाटावर (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या तक्तपोशीवर) ठेवला, तर वरचे ओझे खालच्या कड्यांवर येते. टेकू जमिनीपर्यंत, एकाच रेषेत, खाली जाड फळी घालून न्यायचा. आणि जॅक लावून वाकलेली तुळई सरळ करायच्या भरीस पडू नका. शंभर-दीडशे वर्षे ओझे पेलून ती त्या आकारात मुरलेली असते. एका दिवसात वर दाबली तर तिच्यावरची भिंत तडकते. आहे तिथे थोपवायची, एवढेच.

कडीपाटावर काय काय चढले आहे, याचाही हिशेब करा. मूळ रचनेत पाटावर चार-सहा इंच मातीचा भराव असतो. पुढे कोणीतरी त्यावर दोन इंच सिमेंट काँक्रीट आणि वर शहाबादी फरशी टाकलेली असते. १२ बाय १५ फुटांच्या खोलीत नुसत्या त्या दोन इंच काँक्रीटचे वजन दोन टनांच्या घरात जाते. कड्या वाकल्या म्हणून खालून लोखंडी चॅनेल लावण्याआधी वरचे हे ओझे उतरवा. पुष्कळदा चॅनेलची गरजच उरत नाही. माडीवर नंतर काढलेले न्हाणीघर तर विक्रीआधी बंदच करावे. मातीच्या भरावात झिरपलेले पाणी खाली टपकायला बराच काळ लागतो. तोवर कड्यांची टोके गेलेली असतात.

वाळवीसाठी जोत्यालगत फरशी आणि भिंतीच्या सांध्यात ३०० मिमी अंतरावर १२ मिमीची भोके घेऊन औषध सोडतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली. चौकात किंवा परसात वापरातला आड असेल तर त्याच्या आसपास हे करू नका, तिथे लाकडालाच बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे पाणी पाजा. वाळवी ओलीच्या मागोमाग येते. निचरा न करता फवारणीचा वार्षिक करार करणारे मालक दर वर्षी तेच पैसे पुन्हा भरतात.

कोरीव तोडे, केळफुले आणि गणेशपट्टी यांवरचा ऑइलपेंट काढणे हे हौसेचे काम वाटते, पण किंमत वाढवणाऱ्या मोजक्या दिखाऊ कामांपैकी ते एक आहे. ते पॉलिश पेपरने करू नका, नक्षीच्या कडा बोथट होतात. कॉस्टिक सोडाही नको: सागवान काळे पडते, रेषा उभ्या राहतात आणि सोडा आत राहून वरचे तेल धरत नाही. ज्योत तर मुळीच नको. जुन्या रंगांत शिसे असते, त्याची वाफ छातीत जाते, शिवाय कडीपाटात शिरलेली ठिणगी रात्री पेट घेते. पेंट रिमूव्हर लावून, मऊ झालेला रंग बांबूच्या चिपाटीने आणि ताठ ब्रशने काढा. नंतर जवसाचे तेल व टर्पेंटाइन समभाग, पातळ हात, जादा तेल पुसून घ्यायचे. पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेटतात. त्या पाण्यात बुडवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा. सगळा वाडा असा साफ करायला वेळ नसेल तर दिवाणखान्याचा एक खण पूर्ण करा. बाकी काय निघू शकते हे गिऱ्हाइकाला त्यावरून कळते.

भिंतींबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. वाड्याची भिंत चुन्यात नाहीतर मातीत बांधलेली असते. ती जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागावरून सोडते. तिला सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट लावला की सोडायची वाट बंद होते. ओल वर चढत जाते, क्षार गिलाव्यामागे साचून फुगतात आणि पोपडे पडतात. मग मालक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो आणि तो आणखी एक बंद थर चढवतो! उपाय उलटा आहे. ओलीच्या डागाच्या वर सुमारे एक मीटरपर्यंत सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. ब्रेकर लावला तर विटाच निघून येतात. विटांमधल्या दर्जा (सांधे) २०–२५ मिमी खोल मोकळ्या करा आणि भिंत वाळू द्या. वाळण्याचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी उघडी केली तरी वर्ष लागते. एवढा वेळ नसेल तर भिंत तशीच उघडी ठेवून विका. उघडी, वाळत असलेली वीट पाहून जाणकार गिऱ्हाईक घाबरत नाही. ताज्या रंगाखाली गार लागणारी भिंत पाहून घाबरते.

गिलावा करायचाच ठरला तर चुन्याचा, दसऱ्यानंतर. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो धरण्याआधीच वाळून भुसभुशीत होतो. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. विझवलेला चुना गाळून किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या, महिना-दोन महिने मिळाले तर उत्तम. घाईत वापरलेल्या चुन्यात न विझलेल्या कण्या राहतात. त्या गिलाव्यात बसल्यावर विझतात, फुगतात आणि भिंतीवर पुटकुळ्या येऊन एकेक खपली उडते. पोत्यातला तयार चुना घेतला तर ताजा घ्या. उघड्या पोत्यातला चुना हवेनेच मरतो. प्रमाण: चुना एक, वाळू तीन. ओलीच्या जागी चुना एक, विटांची सुरखी (पूड) एक, वाळू दोन. सुरखी कमी भाजलेल्या विटेची चालते, झाम्याची (जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटेची) चालत नाही. थर १०–१२ मिमीपेक्षा जाड नको, दोन थरांत आठवडाभर अंतर, आणि ओली गोणपाटे लावून भिंत ओलसर ठेवा. गूळ, बेलफळ, हिरडा यांच्याविषयी हल्ली फार बोलले जाते. जाणत्या कारागिराच्या हाती त्यांचा उपयोग आहे, पण चुना नीट विझवलेला नसेल तर गुळाने काहीही साधत नाही. वरच्या मजल्याच्या भिंती कच्च्या विटांच्या असतील तर तिथे सुरखीचा कडक गिलावाही नको. मातीत धान्याचा भुसा कालवून लिंपा आणि वर चुन्याचा पातळ हात द्या. गिलावा नेहमी भिंतीपेक्षा नरम असला पाहिजे.

पिंपळ-उंबराची रोपे उपटू नका, मुळांबरोबर दगड येतो. बुंधा कापून त्यात तणनाशक भरा, मूळ मेल्यावर काढा आणि पोकळी चुन्याच्या पातळ रब्ब्याने खालून वर भरत आणा. भिंतीत तडा असेल तर त्यावर तारीख लिहून काचेची पट्टी जिप्समने चिकटवा. एका पावसाळ्यात ती तडकली नाही, तर तडा जुना आणि थांबलेला आहे हे विकतानाचा पुरावा म्हणून दाखवता येते.

वायरिंग पूर्ण नवे करा, त्यात काटकसर नको. लाकडी घरात आगीचे एक मोठे कारण तेच असते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. भिंतीला आडव्या खाचा पाडून नळ्या बुजवण्यापेक्षा त्या तुळईच्या कडेने उघड्यावरून न्याव्यात.

कागदांकडे वळताना एक सांगतो. दुरुस्ती उत्तम आणि मिळकत पत्रिकेवर पणजोबांचेच नाव, असे वाडे थोडे नाहीत. वारस नोंद, नगर भूमापनाची मोजणी आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती या गोष्टी छपराआधी सुरू करा, कारण त्यांना छपरापेक्षा जास्त वेळ लागतो. संमती नसताना एका भावाने दुरुस्ती केली, तर दुसरा तो खर्च मान्य करत नाही आणि वाटपाचा दावा उभा राहतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरू वाडा विकला म्हणून जात नाही, तो नव्या मालकाकडे तसाच जातो. त्याच्या खोलीचे क्षेत्रफळ, भाडे आणि पावत्या यांचा तक्ता तयार ठेवा. महापालिकेने धोकादायक इमारत म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस दिली असेल तर ती लपवू नका. धोकादायक इमारतींची वर्गवारी अशी: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. दुरुस्ती झाल्यावर इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र घेऊन वर्गवारी बदलून मागा. सी-१ चा शेरा कायम असलेल्या वाड्यावर बँक कर्ज देईल अशी आशा धरू नका.

सगळी बिले मालकाच्या नावावर आणि चेकने किंवा बँकेतून घ्या. भांडवली नफ्याच्या हिशेबात रचनेची दुरुस्ती सुधारणा खर्च म्हणून दाखवता येते, नुसता रंग सहसा नाही. वाडा वडिलोपार्जित असेल तर १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून आधीच करून ठेवा.

शेवटचे काम सुताराला अर्ध्या दिवसाचे आहे. दुरुस्त केलेल्या एका तुळईच्या टोकाजवळची पाटाची एक फळी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवून घ्या. गिऱ्हाईक इंजिनिअर घेऊन आले की फळी काढायची, बॅटरी हातात द्यायची. सांधा, पट्टी आणि भोवतीची मोकळी जागा त्यांनाच पाहू द्यायची. शक्य असेल तर वाडा जुलै-ऑगस्टमध्ये दाखवा, पाऊस चालू असताना.

आपले,
जुन्या लाकडी वाड्यांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक